नक्षी शाबूत, टायर म्हातारा

"काका, आम्ही कासारवडवलीला राहतो. २०१८ च्या दिवाळीत घेतलेली पेट्रोल डिझायर आहे. आम्ही दोघंही बस-लोकलने कामाला जातो, गाडी शनिवार-रविवारीच निघते. त्यामुळे इतक्या वर्षांत ४१ हजार किलोमीटरच झालेत. टायर गाडीसोबत आलेलेच आहेत. गणपतीला गुहागरजवळच्या गावी जायचंय : आम्ही दोघं, मुलगी आणि सासू-सासरे. सर्व्हिसिंगला दिली तेव्हा चारही टायर बदला म्हणाले, १९ हजार खर्च सांगितला. सासऱ्यांचं म्हणणं, नक्षी अजून भरपूर आहे, हे लोक कमिशनसाठी सांगतात. ते वागळे इस्टेटमध्ये मेंटेनन्सला होते, यंत्रातलं त्यांना कळतं, म्हणून त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही. नवऱ्याचा मित्र कुर्ल्याहून दीड-दीड हजाराला चांगले सेकंडहँड टायर आणून देतो म्हणतोय. आणि नवरा म्हणतो, दोनच नवे घेऊ आणि पुढे लावू, कारण गाडी पुढची चाकं ओढतात. मला गाडीतलं काही कळत नाही, पण जीवाला घोर लागलाय. कोणाचं ऐकू? आणि घरात कसं सांगू? टायरचा एक फोटो सोबत पाठवते आहे."
एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

ताई,

गाडीतलं काही कळत नाही असं लिहिलंत, आणि फोटो मात्र नेमका हवा तिथला काढलात. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात. तुमच्या फोटोत ते स्पष्ट दिसताहेत : २७१८. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. म्हणजे हा टायर २०१८ सालच्या सत्ताविसाव्या आठवड्यात, जुलैच्या सुरुवातीला बनला. आज तो आठ वर्षांचा आहे. नक्षी कितीही असो, माझ्या लेखी त्याची सेवा संपली.

म्हणून आधी सरळ उत्तर देतो. चारही टायर बदला, आणि गणपतीच्या आधी किमान दोन-तीन आठवडे बदला. सेकंडहँड आणू नका. दोनच घ्यायची वेळ आली तर ते पुढे लावू नका. मी ठाण्यात तीस वर्षं टायरचं दुकान चालवलं. आता दुकान नाही, त्यामुळे तुम्ही टायर घेतलेत तरी माझ्या पदरात काही पडत नाही. सासऱ्यांना कमिशनची शंका आली यात गैर काही नाही. ती शंका गिऱ्हाइकाने घ्यावीच, पण शंका दुकानदारावर घ्यावी आणि तपासणी टायरची करावी.

नक्षीबद्दल ते खरंच बोलताहेत. नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारण सात-आठ मिलिमीटर असते. तुमच्या फोटोतली नक्षी बघता निम्मी तरी शिल्लक असावी. कायद्याने कारला किमान १.६ मिलिमीटर लागते. टायरच्या खोबणीत तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात, त्यांच्या सरळ रेषेत टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय (झिजेची खूण) ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर कायद्याच्या दृष्टीनेही बाद. आपल्याकडच्या पावसाला मात्र १.६ हा आकडा फार अपुरा आहे. नक्षीचं काम शोभेचं नसतं, चाकाखालचं पाणी बाजूला फेकायचं असतं. ती उथळ झाली की वेगात पाण्याचा थर चाकाखाली अडकतो, गाडी पाण्यावर तरंगते आणि स्टिअरिंग हातात असूनही तिचा रस्त्याशी संबंध उरत नाही. ठाण्यात राहणाऱ्याने तीन मिलिमीटरला टायर बदलायला घ्यावा, हे मी दुकानात प्रत्येकाला सांगत आलो.

पण नक्षी झिजते चालण्याने, आणि रबर म्हातारं होतं काळाने. ही दोन वेगळी घड्याळं आहेत. जी गाडी रोज पळते तिची नक्षी आधी संपते, म्हणून तिच्या मालकाला दुसऱ्या घड्याळाची आठवणच होत नाही. तुमच्यासारख्या शनिवार-रविवारच्या गाडीचं उलटं होतं. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन रबर कडक करतात. ते होऊ नये म्हणून टायरच्या रबरात मेणासारखी संरक्षक द्रव्यं मिसळलेली असतात. चाक फिरताना रबर दबतं, वळतं आणि ती द्रव्यं हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. गाडी उभीच राहिली की ती पुरेशी वर येत नाहीत. त्यामुळे सोसायटीत उघड्यावर उभ्या असलेल्या, कमी चाललेल्या गाडीच्या टायरला बाजूने केसासारख्या बारीक चिरा दिसू लागतात. तुमच्या फोटोत, आकड्यांच्या खाली, त्या आहेत. फोटो मोठा करून बघा.

किती वर्षांनी बदलावा याला सगळीकडे एकच आकडा नाही. बऱ्याच कारकंपन्या सहा वर्षांनंतर वापरू नका म्हणतात. काही टायरकंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहाव्या वर्षी काहीही झालं तरी काढा, असं सांगतात. ज्या टायरला चिरा नाहीत, जो सावलीत राहिला, ज्यात हवा कायम बरोबर होती, तो सातव्या वर्षीही चालताना मी पाहिलाय. तुमच्या टायरला आठ वर्षंही झालीत आणि चिराही आहेत. त्यावर घरची पाच माणसं बसवून घाट चढायचा, याला मी तयार नाही.

यामागे माझा स्वतःचा एक अनुभव आहे. तेव्हा मी स्वतः टायर विकत होतो, तरी घडलं. कुटुंबाला घेऊन कोकणात निघालो होतो, माणगावच्या अलीकडे रात्री पंक्चर झालं. स्टेपनी काढली. एकदाही न लागलेला टायर, त्यावर नव्या टायरला असतात ते रबराचे बारीक केसही शाबूत. मी मुलाला अभिमानाने म्हणालो, बघ, नवा कोरा. चाळीसेक किलोमीटरवर त्याचा वरचा पट्टाच सुटला आणि चाकाच्या कमानीवर फटफट आपटू लागला. गाडी वेगात नव्हती, म्हणून कडेला घेता आली. रस्त्याच्या कडेला बायको-मुलाला उभं करून टॉर्चच्या उजेडात मी त्या टायरची तारीख आयुष्यात पहिल्यांदा वाचली. दहा वर्षं उलटून गेली होती. गिऱ्हाइकाला नक्षी दाखवून टायर विकणाऱ्या माणसाने आपल्याच स्टेपनीचं वय कधी पाहिलं नव्हतं. त्या रात्रीपासून मी आधी तारीख बघतो, नक्षी नंतर. तुमचीही स्टेपनी २०१८ चीच असणार. तिचं काय करायचं ते पुढे सांगतो.

कोकणच्या प्रवासाचीच मला जास्त काळजी का वाटते, ते सांगतो. पाच माणसं आणि सामान धरून तुमची गाडी सव्वा टनाच्या घरात जाईल. म्हणजे एका चाकावर तीनशेहून थोडे जास्त किलो. चाकात तीस पॉइंटच्या (पीएसआय) आसपास हवा असेल तर तो दाब एका चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलोचा. हिशेब केलात तर एक टायर रस्त्याला टेकतो ती जागा दीडशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते, पोस्टाच्या कार्डाहून थोडीशीच मोठी. अशा चार कार्डांवर तुमचं अख्खं कुटुंब चाललंय. तुमच्या चाकाचा घेर दोन मीटरला थोडा कमी आहे, म्हणून ताशी ८० च्या वेगाला ते सेकंदाला अकरा वेळा फिरतं. प्रत्येक फेरीला टायरची बाजू खाली येताना दबते आणि वर जाताना सरळ होते. तार वाकवत-सोडवत राहिलं की ती तापते, तसंच हे आहे. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो. वजन जास्त असेल तरी तेच, वेग जास्त असेल तरी तेच. आणि रबर जुनं असलं की आतल्या तारा आणि रबर यांची पकड या तापाने सुटू लागते. टायर फुटतो त्यामागे बहुतेक वेळा खिळा नसतो, तास-दोन तास साठत गेलेली ही उष्णता असते. शनिवारी हिरानंदानीपर्यंत जाऊन येण्यात ती साठायला वेळच मिळत नाही. म्हणून "इतके दिवस तर काही झालं नाही" हा पुरावा अडीचशेहून जास्त किलोमीटरच्या प्रवासाला लागू पडत नाही.

कुर्ल्याच्या टायरबद्दल. मित्राचा हेतू चांगला असेल, माल विकणाराही प्रामाणिक असेल, पण वापरलेल्या टायरचा पूर्वेतिहास कोणालाच सांगता येत नाही. तो कमी हवेवर किती चालला, खड्ड्यात किती आपटला, आतून किती ठिगळं आहेत, हे बाहेरून दिसत नाही. शिवाय गुळगुळीत झालेल्या टायरवर गरम पात्याने नवी खोबण कोरून विकण्याचा प्रकार चालतो. वरून काळं पॉलिश मारलं की टायर नवा वाटतो. खरं तर उरलंसुरलं रबरही कापलं गेलेलं असतं आणि खोबणीखाली तारा जेमतेम झाकलेल्या असतात. कारचा टायर असा कोरण्यासाठी बनवलेलाच नसतो. सहा हजारात चार टायर मिळतात हे खरं, पण ते जास्तीत जास्त वर्ष-दोन वर्षं चालणार, म्हणजे पैशाचा हिशेब घातला तरी ते स्वस्त नाहीत. रिमोल्ड केलेले, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले टायरही कारला नकोत.

आता दोन टायरचा मुद्दा. तुमच्या नवऱ्यासारखंच निम्मं ठाणं समजतं, आणि दुकानांतही सर्रास नवे टायर पुढे लावतात. गाडी पुढची चाकं ओढतात, वळवतातही तीच, ब्रेकचा जास्त भारही त्यांच्यावरच, म्हणून चांगले टायर पुढे, असा तो विचार. वरवर पटतो. पण पावसात कशेडी घाटाच्या वळणावर काय होईल ते बघा. पुढची चाकं घसरली तर स्टिअरिंग हलकं पडतं, गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाऊ लागते. ते हाताला लगेच कळतं, पाय उचलला की वेग उतरतो आणि पकड परत येते. मागची चाकं घसरली तर गाडीची शेपूट बाहेर फिरते, आणि कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते. ते सावरायला लागणारं कसब सर्वसाधारण चालकाकडे नसतं, माझ्याकडेही नाही. म्हणून दोनच टायर नवे असतील तर ते मागे, आणि आधीच्या चारांतले त्यातल्या त्यात चांगले पुढे. टायरकंपन्याही हेच सांगतात. हा नियम नवऱ्याला जरूर सांगा, पुढे कधीतरी उपयोगी पडेल. तुमच्या बाबतीत मात्र चारही एकाच वयाचे आणि चिरलेले आहेत, त्यामुळे दोन बदलून अर्धाच धोका कमी होईल.

घ्यायचे कोणते? गाडीला कंपनीने दिलेलं माप ठेवा. तुमच्या टायरवर १६५/८० आर १४ आणि त्यापुढे ८५टी असं आहे. १६५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल. १४ हा डिस्कचा, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाचा, इंचांतला व्यास. ८५ हा भाराचा आकडा, ते किलो नाहीत. त्याचा अर्थ एक टायर ५१५ किलो पेलतो. टी म्हणजे ताशी १९० पर्यंतचा वेग. बदललेल्या टायरचा भाराचा आकडा ८५ पेक्षा कमी आणि वेगाचं अक्षर टीच्या खालचं चालणार नाही, वरचं असलं तर हरकत नाही. दुकानात "रुंद टाका, गाडी रस्त्याला चिकटून चालेल" असा आग्रह होईल. रुंद टायरने स्टिअरिंग जड होतं, मायलेज घटतं, आणि साचलेल्या पाण्यावर तो अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो. तुमच्या गाडीला त्याची काहीएक गरज नाही.

कंपनीच्या नावावरून मी भांडत नाही. एमआरएफ, सिएट, अपोलो, जेके, ब्रिजस्टोन, मिशेलिन, गुडइयर, योकोहामा या सगळ्यांचे चांगले टायर मी बसवलेत. कंपनीपेक्षा तिच्यातला प्रकार बघा. काही टायर कडक रबराचे असतात, ते लाखाच्या घरात किलोमीटर देतील, पण ओल्या रस्त्यावर पकड कमी असते. काही मऊ रबराचे असतात, पकड छान, आयुष्य थोडं कमी. वर्षाला पाच हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला जास्त टिकणाऱ्या टायरचा उपयोग शून्य, कारण नक्षी संपण्याआधी तुमचं वर्षांचं घड्याळ संपणार आहे. तेव्हा दुकानदाराला स्पष्ट सांगा : पावसात पकड चांगली हवी, टिकाऊपणाचं बघू नका. सगळीकडे मायलेज आणि टिकाऊपणा विकला जातो, म्हणून हे मुद्दाम सांगावं लागतं. उभ्या, रुंद, सलग खोबणी असलेली नक्षी पाणी चांगलं फेकते. आयएसआयची खूण टायरवर आहे ना, तेही बघा.

पैसे देण्याआधी चारही टायरची तारीख स्वतः वाचा. सहा महिन्यांच्या आतला उत्तम, वर्षाच्या आतला चालेल. दोन वर्षं गोदामात पडलेला माल "खास सवलतीत" मिळाला तर सोडून द्या. तुमच्यासारख्या कमी चालणाऱ्या गाडीसाठी त्यातली दोन वर्षं आधीच खर्ची पडलेली आहेत. बिल पक्कं घ्या, त्यावर टायरचे नंबर लिहून घ्या, वॉरंटी त्यावरच मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, बिलावर तोच लागलाय का ते तपासा. १९ हजारांचा आकडा एकाच ठिकाणी विचारून मान्य करू नका. नौपाडा, माजिवडा, नाहीतर तुर्भ्याकडे दोन-तीन दुकानांत याच मापाचा भाव विचारा, आणि फिटिंग, बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं), अलाइनमेंट (चाकांचा कोन नीट लावणं), वॉल्व (हवा भरायची नळी) हे त्यात धरलंय की वेगळं, तेही विचारा. खरा फरक तिथेच पडतो.

बसवताना समोर उभ्या राहा. प्रत्येक चाकाला नवा रबरी वॉल्व घ्या. किंमत किरकोळ असते, पण जुना वॉल्व चिरून हवा गेली तर नवा टायरही बाद होतो. चारही चाकांचं बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट. नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळायला सांगा, आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा तपासून घ्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा सांभाळून चालवा, नव्या रबराचा वरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही. म्हणूनच निघायच्या आदल्या दिवशी टायर बदलू नका म्हणतोय. पुढे दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढची चाकं मागे, मागची पुढे करून घ्या, म्हणजे झीज सारखी राहते.

स्टेपनीबद्दल : आताच्या चार टायरपैकी चांगला निवडून स्टेपनीला ठेवू, असं घरात कोणीतरी नक्की म्हणेल. चारही आठ वर्षांचेच, म्हणून तो विचार नको. आज पाचवा टायर परवडत नसेल तर जुनी स्टेपनी फक्त जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत, ताशी ४०-५० च्या वर न जाता, आणि पुढच्या वर्षी तीही बदला.

आता हवेबद्दल, कारण नवा टायरही चुकीच्या हवेने दोन वर्षांत खराब होतो. ड्रायव्हरचं दार उघडलंत की खांबावर एक स्टिकर दिसेल. त्यावर पुढच्या-मागच्या चाकांची हवा लिहिलेली असते, पूर्ण भरलेल्या गाडीसाठी बहुधा वेगळी. टायरच्या बाजूवर जो मोठा आकडा असतो तो टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीची हवा नव्हे. पंपावरच्या मुलाला "किती मारू?" असं विचारायची वेळ येऊ देऊ नका, आकडा तुम्हीच सांगा. हवा मोजायची ती टायर थंड असताना, सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरहून जास्त चालायच्या आधी. पाच-सहा अंशांनी तापमान वाढलं की हवा एका पॉइंटने वाढते. म्हणून पनवेलला पोहोचून मोजलीत तर चार-पाच पॉइंट जास्त दिसेल. ती कमी करायला सांगू नका. गरम टायरमधून काढलेली हवा म्हणजे थंड टायरमध्ये पडलेला तुटवडा, आणि तुम्ही नेमका तोच धोका विकत घेता. ट्यूबलेस टायरमधून महिन्याला एक-दोन पॉइंट हवा आपोआप जातेच. आठवड्यातून एकदा निघणाऱ्या गाडीत तीन-चार महिने कोणी बघितलं नाही तर किती राहील, बघा. दर पंधरवड्याला एकदा मोजा. स्वतःचा हवेचा मीटर घ्या, काही शे रुपयांत मिळतो.

नायट्रोजन भरू का, असं लोक मला नेहमी विचारतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा सावकाश गळतो, इतकाच काय तो फायदा. फुकट मिळाला तर घ्या, आणि नंतर साधी हवा भरावी लागली तर बिनधास्त भरा.

तुमच्या घोडबंदर रोडला खड्डे आहेत आणि मेट्रोच्या कामाने रस्ता सतत बदलतो. पाण्याखालच्या खड्ड्यात चाक जोरात आदळलं की डिस्क आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये टायरची बाजू चिमटली जाते आणि आतले धागे तुटतात. तिथे मग फुगा येतो. सुपारीएवढा फुगा असला तरी तो टायर बाद, त्याची दुरुस्ती होत नाही. गायमुखहून येताना असा दणका बसला तर घरी आल्यावर चारही चाकांच्या दोन्ही बाजूंवरून हात फिरवा. आतली बाजू कोणी बघत नाही आणि फुगा अनेकदा तिथेच असतो.

झीजही बोलते, तिच्याकडे लक्ष द्या. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, तर हवा कमी राहिली. मध्य झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलंय.

रस्त्यात पंक्चर झालं आणि खिळा दिसला तर तो उपटू नका. ट्यूबलेसमध्ये तोच बूच बनून हवा अडवतो, सावकाश पंक्चरवाल्याकडे जाता येतं. काळ्या चिकट दोरीची दुरुस्ती तात्पुरती समजा, घरी आल्यावर चाक उतरवून आतून मश्रूम पॅच, म्हणजे भोकात देठ बसणारं ठिगळ, लावून घ्या. पंक्चर टायरच्या बाजूला किंवा कडेला असेल, किंवा भोक पेन्सिलीएवढं असेल तर दुरुस्ती नको. आणि देव करो तशी वेळ न येवो, पण चालत्या गाडीचा टायर फुटलाच तर ब्रेक दाबायचा नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, अॅक्सिलरेटरवरून पाय सावकाश उचलायचा, आणि वेग आपोआप उतरल्यावरच कडेला घ्यायचं. हे नवऱ्याला निघण्यापूर्वी दोनदा तोंडी म्हणून दाखवायला लावा. त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे. घरात कसं सांगायचं. माझं हे उत्तर सासऱ्यांपुढे नाचवू नका, उगाच दोन म्हाताऱ्यांची बाजी लागेल. मेंटेनन्सचा माणूस म्हणजे त्यांनी आयुष्यात शेकडो गॅस्केट आणि ओ-रिंग, म्हणजे यंत्राचे रबरी सील, बदलले असतील. पाकिटातली, एकदाही न वापरलेली ओ-रिंग बऱ्याच वर्षांनी वाकवली की तडकते, हे त्यांनी स्वतःच्या बोटांनी अनुभवलेलं असणार. रविवारी सकाळी उजेडात त्यांना गाडीपाशी न्या. चाक धुऊन घ्या, स्टिअरिंग पूर्ण वळवून टायरची बाजू मोकळी करा. मग विचारा, "बाबा, हे २७१८ म्हणजे काय असेल?" आकडा त्यांनाच लावू द्या. डीओटीची ओळ कधी कधी एकाच बाजूला पूर्ण असते, ती आत गेली असेल तर दुसऱ्या चाकावर सापडेल. मग त्यांचं बोट त्या चिरांवर टेकवा आणि विचारा, "इतक्या जुन्या रबराचा सील तुम्ही मशीनला ठेवला असता का?" त्यांचं उत्तर मला इथे बसून ठाऊक आहे. ते त्यांच्याच तोंडून आलं की नवऱ्याशी बोलायचं कामही तेच करतील, आणि दुकानात भाव करायलाही तेच पुढे होतील.

आणि तो हवेचा मीटर त्यांच्याच हातात द्या. दर पंधरवड्याला, सकाळी चहाच्या आधी, चार चाकं. स्टेपनी धरून पाच.